आजीची अर्धी राहिलेली गोधडी, आणि आजीबद्दल लिहायचं कुठून?

सुईदोरा

माझी आजी यंदा वर्षाच्या सुरुवातीला गेली. वय झालं होतं, फार खितपत पडली नाही, शेवटपर्यंत माणसं ओळखत होती. भेटायला आलेल्या बहुतेकांनी "सोनं झालं" म्हटलं. ते खरंच आहे. पण त्या सगळ्या बोलण्यात माझी आजी नेमकी कोण होती, हे कुठेच येईना. प्रेमळ होती, कष्टाळू होती, सगळ्यांचं केलं. अशा आज्या घरोघरी असतात. माझी आजी त्यापलीकडे कलावंत होती. घरात तिच्यासाठी हा शब्द कधी कुणी वापरला नाही, म्हणून इथे मुद्दाम वापरतेय.

ती गोधड्या शिवायची. जुन्या कपड्यांच्या, हातानं. घरात मशीन होतं, पण ते फ्रॉक-पायजम्यांसाठी. गोधडीच्या वाऱ्यालाही मशीन उभं राहू द्यायची नाही. आधी सगळे तुकडे जमिनीवर मांडायची. मांडून झाले की खुर्चीवर चढायची आणि डोळे अर्धवट मिटून बघत राहायची. मग खाली उतरून एखादाच तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायची, परत खुर्चीवर. हे दिवसच्या दिवस चालायचं, आणि त्या खोलीतून जाताना आम्हाला भिंतीला चिकटून जावं लागायचं. "शिवणं ही हमाली, मांडणं हे काम," असं म्हणायची. नवं कापड विकत आणायचं नाही हा तिचा नियम. रंग हवा असेल तर घरातला तो कपडा जुना होईपर्यंत थांबायची.

आम्ही पोरं रात्री गोधडीतल्या कुठल्याही तुकड्यावर बोट ठेवायचो आणि ती त्या तुकड्याची गोष्ट सांगायची. दुसऱ्या दिवशी त्याच तुकड्याची वेगळीच गोष्ट. कालची का नाही, असं विचारलं तर म्हणायची, "ती काल संपली."

आता प्रश्न. शेवटची गोधडी अर्धी राहिली आहे. निम्मी शिवून झालीय, थोडा भाग टाचण्या लावून ठेवलाय, आणि उरलेले तुकडे एका गाठोड्यात आहेत. प्रत्येक तुकड्याला कागदाची चिठ्ठी टाचलेली, त्यावर पेन्सिलीनं उभ्या रेघा आणि गोल. आम्हाला कुणाला त्याचा अर्थ लागत नाही. मावशी म्हणते पूर्ण करू या. चुलतभाऊ म्हणतो कापून सगळ्या नातवंडांना एकेक भाग देऊ या. मला वाटतं आहे तशीच ठेवावी.

शिवाय मला तिच्याबद्दल लिहायचंय, घरच्यांसाठी. लिहायला बसले की नुसती विशेषणं येतात. तुमच्यापैकी कुणी लिहिलंय का? सुरुवात कुठून केलीत?

कागदीहोडी

वाचून माझी आजी आठवली. धीर धरा. आणि काहीही करा, पण कापू नका.

पाटीपेन्सिल

मी चित्रकला शिकवतो, म्हणून त्या खुर्चीवरून पुढे वाचवेना. डोळे अर्धवट मिटून बघणं ही चित्रकारांची मुरलेली सवय असते. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीकसारीक तपशील पुसट होतात, रंगांची भूल कमी होते, आणि फक्त उजेड-अंधार उरतो: कुठे फिकं, कुठे मध्यम, कुठे गर्द. चित्र उभं राहतं ते या विभागणीवर. तांबडा आणि हिरवा एकमेकांपासून कितीही वेगळे दिसोत, दोघे सारखेच गर्द असतील तर लांबून त्यांचा एकच गोळा होतो. आमच्या विद्यार्थ्यांना हे गळी उतरवायला वर्ष जातं. उंचावरून बघण्याचंही तेच कारण. लांब गेल्याशिवाय पूर्ण मांडणी एका नजरेत येत नाही. तुमच्या आजीनं हे कुणाकडून शिकून घेतलं की स्वतः शोधलं, कोण जाणे. मला तर स्वतःच शोधलं असावं असं वाटतं, आणि म्हणून जास्त आदर वाटतो.

एक करून बघा. तिच्या पूर्ण झालेल्या गोधड्यांचे वरून सरळ फोटो काढा आणि ते फोनमध्येच कृष्णधवल करा. रंग गेल्यावर काय उरतं ते बघा. आणि चिठ्ठ्यांवरचे गोल रिकामे आहेत की भरलेले? सगळे सारखे आहेत का?

सुईदोरा

@पाटीपेन्सिल, सारखे नाहीत! काही रिकामे आहेत, काहींत मध्ये टिंब आहे, काही पूर्ण काळे केलेले. काही थोड्या चिठ्ठ्यांवर फुली आहे. मला वाटलं होतं, पेन्सिल चालते का ते बघत असेल.

वस्त्रपेटी

जुन्या कापडांचं जतन हे माझं काम आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पूर्ण करायची, ठेवायची की वाटायची, हे नंतर ठरवा. त्याआधी कुणीही हात लावण्यापूर्वी आहे त्या स्थितीत फोटो काढा. पूर्ण, मग भागाभागाचे, मागची बाजू, आणि प्रत्येक चिठ्ठी तिच्या तुकड्यासकट. चिठ्ठी एकदा सुटली की ती कुठल्या तुकड्याची हे कायमचं गेलं. गाठोडं उघडाल तेव्हा तुकडे ज्या क्रमानं निघतील तो क्रमही टिपून ठेवा. तिनं रचून ठेवले असतील तर तो क्रम म्हणजेच तिचा आराखडा.

मग टाचण्या. हे लवकर करा. लोखंडी टाचणी दमट हवेत गंजते, गंजाचा डाग सुती कापडावरून सहसा जात नाही, आणि गंज नुसता डाग पाडत नाही, हळूहळू धागाही खातो. टाचणी काढायची आणि त्याच जागी सैलसर कच्चा टाका घालायचा. टाचणी आत अडकली असेल तर ओढू नका, गोल फिरवत सोडवा.

धुऊ नका. कितीही वाटलं तरी. गोधडीत वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या रंगाईची कापडं एकत्र असतात. एक आटतं, दुसरं नाही, तिसऱ्याचा रंग शेजाऱ्यावर उतरतो. आणि घरातल्या माणसाचा वास धुण्यात जातो तो जातोच, पण ते माझं क्षेत्र नाही.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत दमटपणा कोंडतो. लाकडाच्या फळीवर थेट ठेवू नका, लाकडातून आम्ल बाहेर पडत राहतं. ॲसिड-फ्री टिश्यू पेपर मिळाला तर उत्तम, नाहीतर खळ जाईपर्यंत धुतलेलं, रंग न दिलेलं सुती कापड चालेल. शक्यतो घडी घालण्याऐवजी रुंद नळीवर गुंडाळा. घडी घालावीच लागली तर घडीच्या आत कापडाची वळकटी ठेवा, आणि अधूनमधून घडीची जागा बदला. नेहमी एकाच रेषेवर घडी पडली की कापड तिथेच तुटतं. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका. तुकड्यांत लोकर किंवा रेशीम असेल आणि कसर लागल्याची शंका आली, तर पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आतलं कापड खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं.

भिंतीवर टांगायचा विचार असेल तर उन्हाची भिंत नको. उजेडानं होणारी हानी साठत जाते आणि भरून येत नाही. संग्रहालयात नाजूक कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. तो इतका मंद असतो की आत गेल्यावर डोळ्यांना सरावायला थोडा वेळ लागतो.

अंगुस्तान

मी स्वतः आयुष्यभर गोधड्या शिवत आले. माझ्या नातवंडांनी मला हा धागा वाचून दाखवला, आणि मी सांगतेय ते नात टंकतेय.

बाळ, उभ्या रेघा म्हणजे ओळ असणार. मीही तसंच करते. पहिली ओळ एक रेघ, दुसरी ओळ दोन. रेघांच्या गठ्ठ्याप्रमाणे तुकडे लावून बघ. गोलाचं मला सांगता येणार नाही, तो तिच्या मनातला.

आणि मी तुझ्या मावशीच्या बाजूची. गोधडी पांघरायची असते. कपाटात नळीवर गुंडाळलेली गोधडी बघून मला तर गुदमरायला होईल. आपण शिवतो ते कुणाच्या तरी अंगावर जावं म्हणून. माझी अर्धी राहिली तर माझ्या सुनेनं खुशाल पुरी करावी, टाके वाकडे आले तरी चालतील.

वस्त्रपेटी

आजी, तुमच्यापुढे मी काय बोलणार. पण एक मधली वाट आहे. आमच्या कामात एक तत्त्व पाळतात: नवं काम जवळून ओळखू यावं, आणि पुढे कुणाला वाटलं तर मूळ न दुखावता काढता यावं. पूर्ण करायचीच असेल तर मावशींनी वेगळ्या रंगाचा दोरा वापरावा. आजीचा धावदोरा जिथे संपतो तिथून दुसरा रंग. आजीचा एकही टाका उसवायचा नाही, वाकडा वाटला तरी. दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुती कापडापेक्षा बळकट असतो, ताण आला की दोरा तुटण्याऐवजी कापडच कापतो.

अंगुस्तान

हे पटलं.

थेटबोल

लिहिण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. माझ्या आजीवर मी लिहिलंय, घरात सगळ्यांनी वाचलंय, आणि दोन काकांनी वर्षभर माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. तरी सांगतो.

विशेषणं येतात कारण आपण "ती कशी होती?" असा प्रश्न घेऊन बसतो. "ती काय करायची?" हा प्रश्न घ्या. तुमच्या पहिल्या परिच्छेदात प्रेमळ, कष्टाळू आलं, आणि मला कुणीच दिसलं नाही. दुसऱ्या परिच्छेदात ती खुर्चीवर चढली आणि लगेच दिसली. तुम्ही लिहायला सुरुवात केलेलीच आहे, ती पहिल्या परिच्छेदात नाही इतकंच.

नातेवाइकांना "आजीच्या आठवणी सांगा" म्हणू नका. सगळे श्रद्धांजली सभेत बोलल्यासारखे बोलतात. त्यांच्या हातात एक तुकडा द्या आणि विचारा, "हे कापड कशाचं?" वस्तू हातात आली की माणूस खरं बोलतो. एकाचं ऐकून दुसरा म्हणतो "छे, तसं नव्हतंच", आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते. दोघांचं म्हणणं लिहा, निकाल देऊ नका.

तिचा रागही लिहा. जी बाई एका तुकड्यासाठी दिवसेंदिवस खोली अडवून ठेवते, तिच्यापायी घरात भांडणं झाली असणारच. कुणाचं तरी काम खोळंबलं असेल, कुणीतरी "काय त्या चिंध्या" म्हटलं असेल. ते गाळलंत तर तिला त्या कामासाठी काय मोजावं लागलं हेही गळेल. संत करून ठेवलेल्या आजीची नातवंडांना ओळख होत नाही.

रिकामीचौकट

थेटबोल यांना +१. माझ्याकडे आजीच्या आवाजाची एक जुनी कॅसेट आहे. ती स्वतः रचलेली गाणी म्हणतेय, मध्येच कुणाला तरी दार लावायला सांगतेय. लावायला धीर होत नाही, पट्टी तुटली तर? कुणाला माहिती आहे का?

पाटीपेन्सिल

@रिकामीचौकट, सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे कान मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. वर्षानुवर्षं न लावलेली पट्टी आतल्या आत चिकटून बसलेली असू शकते, म्हणून ऐकण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घेतात. प्लेअरचं हेड, म्हणजे पट्टीला टेकून आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलेलं हवं. आधी दुसरी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून प्लेअर पट्टी खात नाही ना ते बघा. संगणकावर घेताना वेव्ह (WAV) फाईल करा, तिच्यात आवाज न दाबता साठतो; सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. घरच्यांना पाठवायला एमपी३ वेगळी काढा. आवाज "स्वच्छ" करायच्या भानगडीत मूळ फाईल बदलू नका. दार लावायला सांगितलेलं तर मुळीच कापू नका!

फाईलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

दूरचादिवा

धागाकर्तीनं "कलावंत" हा शब्द मुद्दाम वापरला, त्याला धरून लिहिते. घरात बसून केलेलं काम मागे उरतं ते बहुतेक वेळा जवळच्या कुणीतरी त्याला काम मानलं म्हणून.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कामं करता करता त्या ओव्या-गाणी रचायच्या आणि म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या मंडळींनी त्यातलं जमेल ते कागदावर उतरवलं. त्या गेल्यावर सोपानदेवांनी ते आचार्य अत्र्यांना दाखवलं, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. तिच्या हयातीत ही बाई जगाला माहीत नव्हती. आपल्याकडे आज जे आहे ते टिपून ठेवलेलं तेवढंच आहे.

इंग्लंडमधल्या मेरी डिलेनी (१७००–१७८८) यांनी वयाच्या ७२ व्या वर्षाच्या सुमारास रंगीत कागद कापून फुलं करायला सुरुवात केली, आणि नजर अधू होऊन थांबावं लागेपर्यंत साडेनऊशेहून जास्त केली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या कामातली मला सर्वात आवडणारी गोष्ट चित्राच्या मागे असते: फुलाचं नाव, तारीख, जागा, आणि ते फूल कुणी दिलं त्याचं नाव. म्हणजे कुठला तुकडा कुणाचा, हेच की!

आणि अमेरिकेतल्या ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस, ज्यांना सगळे ग्रँडमा मोझेस म्हणतात. जन्म १८६०. आधी त्या लोकरीच्या दोऱ्यानं चित्रं भरायच्या. संधिवातानं सुई धरवेना तेव्हा सत्तरीच्या शेवटी रंगांकडे वळल्या. १९३८ मध्ये एका औषधाच्या दुकानाच्या काचेत लावलेली त्यांची चित्रं एका संग्राहकाच्या नजरेला पडली, आणि १९४० मध्ये, ऐंशी वर्षांच्या असताना, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. त्या १०१ वर्षं जगल्या आणि चित्रं काढत राहिल्या.

म्हणून माझं सांगणं, गोधडीच्या मागच्या बाजूला कापडाची पट्टी शिवा आणि त्यावर आजीचं पूर्ण नाव घाला. "अमक्याची आई" नको. कुणाकुणाचे कपडे आहेत तेही, कळतील तेवढे.

कागदीहोडी

चुलतभावाची बाजू कुणी घेत नाहीये. वर "कापू नका" म्हणणारी मीच, पण विचार करता त्याचंही समजतं. गोधडी एका घरात राहणार, म्हणजे इतर घरांत आजीचं काहीच नाही. त्याला कापायची हौस नसेल, त्याला वाटा हवा असेल. पूर्ण केल्यावर गाठोड्यातले जे तुकडे लागणार नाहीत, ते चिठ्ठीसकट वाटता येतील ना?

सुईदोरा

सगळ्यांचे किती आभार मानू. मावशी, मामा, चुलतभाऊ, सगळे एका दुपारी जमलो होतो.

आधी फोटो, मग टाचण्या. दोन टाचण्या गंजलेल्या निघाल्या, डाग छोटा आहे. मग रेघांप्रमाणे तुकडे लावले. अंगुस्तान आजी, ओळीच आहेत! आणि गोल: रिकामे गोल असलेले सगळे तुकडे फिके, टिंबवाले मध्यम, भरलेले गर्द. एक फिकट जांभळा सोडला तर कुठेही चूक नाही. पाटीपेन्सिल, तुम्ही लिहिलंत तेच तिनं चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलं होतं. ओळी लावून झाल्यावर मावशी खुर्चीवर चढली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही मधून उजळत जातेय." फुलीचा अर्थ लागला नाही. मावशीच्या मते आजीला ज्यांची खात्री नव्हती ते तुकडे, मामाच्या मते फुली म्हणजे पक्कं. दोन्ही लिहून ठेवलंय.

मावशी पूर्ण करणार, तांबड्या सुती दोऱ्यानं. चुलतभावाला उरलेले तुकडे पटले, पण त्याला फुलीवाला एक हवाच आहे, त्यावर अजून बोलणं चालू आहे.

लिहायला सुरुवात केली. हा एक परिच्छेद:

"आजी अतिशय प्रेमळ होती. तिला गोधडीत गर्द हिरवा हवा होता आणि तो हिरवा घरात फक्त मामाच्या शर्टात होता. मामा शर्ट टाकेना. आजी रोज धुताना त्याची कॉलर बोटांनी चाचपून बघायची. गोधडी तशीच पडून राहिली, मधोमध एका तुकड्याची जागा रिकामी. आजोबा म्हणाले, दुसरा हिरवा घाल की. आजी म्हणाली, दुसरा हिरवा हा हिरवा नसतो. त्यावरून दोघांचं दोन दिवस बोलणं बंद होतं."

थेटबोल

पहिलं वाक्य काढा. बाकी एका शब्दालाही हात लावू नका. आणि मामांना विचारा, शर्ट शेवटी दिला कधी?

सुईदोरा

विचारलं. मामा म्हणतो त्यानं दिलाच नाही, वाळत घातलेला गायब झाला. मावशी म्हणते त्यानं स्वतःच्या हातानं आणून दिला आणि आजीनं त्याच्यासमोर कात्री लावली. दोघं अजून भांडतायत, मी लिहून घेतेय.